श्वासाच्या ठेक्यावर

समजा, सात-आठ वर्षांचं एक मूल पलंगावर पडलंय. आजार आता बरा होण्यातला नाही. श्वास मिनिटाला ४० च्या घरात, कपाळाला आठ्या. संगीतोपचारक गिटार घेऊन शेजारी बसते, पण गायला लागत नाही. आधी त्याच्या छातीचं वर-खाली होणं बघते आणि त्याच लयीत तारा छेडते. श्वास भराभर, तर वाजवणंही भराभर. काही मिनिटांनी ती लय जराशी सैल सोडते. पुष्कळदा श्वासही मागोमाग संथ होतो. नाही झाला, तर ती मुकाट्याने परत त्याच्या लयीला येऊन मिळते.

मोबाइलवर ‘शांत संगीत’ लावून ठेवणं म्हणजे संगीतोपचार नव्हे, ते याचसाठी. धास्तावलेल्या मुलापुढे एकदम संथ सूर लावले, तर ते त्याच्या गावीही नसतात. आधी मनःस्थितीशी जुळायचं, मग ती हळूच वळवायची, ही पद्धत अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ आयरा आल्टशुलर यांनी १९४० च्या दशकात मांडली.

यात जादू काही नाही. १९६५ मध्ये वेदनेचे अभ्यासक मेल्झॅक आणि वॉल यांनी सिद्धांत मांडला, की वेदनेचा संदेश मज्जारज्जूतून वर जाताना वाटेतच कमी-जास्त होऊ शकतो आणि त्यात मेंदूचाही हात असतो. भीतीने दुखणं वाढतं, लक्ष दुसरीकडे गुंतलं की उतरतं. अर्थात मॉर्फिनची जागा गाणं घेत नाही. तसा दावा कुणी केला, तर खुशाल सावध व्हावं.

पुरावा कितपत? अमेरिकेतल्या ११ रुग्णालयांत २७२ अकाली जन्मलेल्या बाळांवर झालेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आईवडिलांच्या आवडीचं गाणं अंगाईसारखं गायल्यावर बाळांच्या हृदयाची गती उतरली, आईवडिलांवरचा ताणही हलका झाला. पण ती बाळं घरी जाणारी होती. अखेरच्या टप्प्यातल्या मुलांवरचे अभ्यास छोटेच असतात. ‘तुलनेसाठी’ अशा मुलाला गाण्यावाचून ठेवायला कोण धजेल?

मग घरच्यांचा प्रश्न येतो: मूल डोळे उघडत नाही, त्याला ऐकू येतंय का? कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या संशोधकांनी मृत्यूच्या उंबरठ्यावरच्या, प्रतिसाद न देणाऱ्या प्रौढ रुग्णांच्या मेंदूतले विद्युत संकेत नोंदवले. २०२० च्या त्या अहवालानुसार काहींचा मेंदू सुरांतला बदल टिपत होता. कळत होतं का, ते त्यातून सांगता येत नाही. तरी आईने गात राहायला एवढंही पुरे.

काही रुग्णालयांत घरच्यांना आठवण म्हणून मुलाच्या हृदयाचे ठोके डिजिटल स्टेथोस्कोपने टिपतात आणि त्यावर त्याचं आवडतं गाणं बसवतात. इथे एक गंमतशीर अडचण येते. श्वास घेताना हृदय किंचित वेग घेतं, सोडताना मंदावतं. लहान मुलांत हे जास्तच जाणवतं. ठोके घड्याळासारखे पडत नाहीत, मग ठेका जुळायचा कसा? संगणकावर ते सरळ करता येतात. मला विचाराल तर ठोक्यांना हात लावू नये, गाण्यालाच जरा अडखळू द्यावं.

हे काम शेवटच्या दिवसासाठी न ठेवता मूल हसतं-खेळतं असतानाच केलेलं बरं. तेव्हा तो खेळच असतो: स्टेथोस्कोप आधी स्वतःच्या छातीला, मग ताईच्या, मग बाबांच्या, आणि सगळ्यात जोरात कुणाचं वाजतंय यावरून भांडण.