स्टेरॉइड हरलं म्हणजे थेट ऑपरेशन?

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज आणि व्रण येण्याच्या आजारात, स्टेरॉइड लागू पडलं नाही की 'आता मोठं आतडं काढण्याशिवाय गत्यंतर नाही' असं सर्रास सांगितलं जातं. एके काळी ते बरंचसं खरंही होतं. पण 1994 मध्ये सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचा उपयोग दिसून आला, 2005 मध्ये अमेरिकेत इन्फ्लिक्सिमॅब या शिरेतून देण्याच्या औषधाला या आजारासाठी मान्यता मिळाली. पुढे वेडोलिझुमॅब आलं, टोफासिटिनिबच्या गोळ्या आल्या.

तीव्र झटक्यात शिरेतून स्टेरॉइड दिल्यावर साधारण तिसऱ्या दिवशी डॉक्टर हिशेब मांडतात: जुलाब किती, रक्त किती, सीआरपी (रक्तातली सुजेची खूण) किती. उतार नसेल तर तेच औषध रेटत बसायचं नसतं, पुढचं औषध ठरवायचं असतं. आपल्याकडे इन्फ्लिक्सिमॅबआधी क्षयाची तपासणी हवीच. दबलेला क्षय त्याने उफाळू शकतो.

मग कुड्याची साल, बेल? घरोघरी चालतात, मान्य. पण तीव्र झटक्यात त्यांच्या भरवशावर दिवस काढणं म्हणजे आतडं फुटण्याचा धोका ओढवून घेणं. हळदीतल्या कर्क्युमिनचा थोडा फायदा दिसलाय, तोही सौम्य आजारात आणि मेसालामिन या नेहमीच्या औषधाच्या जोडीने.

ऑपरेशन काहींना लागतंच. आणि वेळेवर केलेलं ऑपरेशन जीव वाचवतं, त्याला हार का म्हणायचं?