लुसिया (स्त्रीनाम)

लुसिया : मूळ लॅटिन स्त्रीनाम. लॅटिनमध्ये ‘लुक्स’ (षष्ठीचे रूप ‘लूकिस’) म्हणजे उजेड. त्यापासून ‘लूकिउस’ हे पुरुषाचे आणि ‘लूकिआ’ हे स्त्रीचे नाव झाले. इटालियनमध्ये उच्चार लुचीया, स्पेनमध्ये लुथीआ, लॅटिन अमेरिकेत लुसीआ, पोर्तुगीजमध्ये लुसिया किंवा लुझिया, इंग्रजी व फ्रेंचमध्ये लुसी, तर हंगेरियनमध्ये लुत्सा असा होतो.

‘लुक्स’ ज्या आदि-इंडो-युरोपीय (लॅटिन, संस्कृत, फारसी यांच्या समान पूर्वज भाषेतील) धातूपासून आला, त्याचेच संस्कृत रूप म्हणजे ‘रुच्’ (प्रकाशणे, शोभणे). लॅटिनमध्ये ‘ल’ टिकला, संस्कृतात बहुतेक ठिकाणी त्याचा ‘र’ झाला. ‘लोचन’ शब्दात मात्र तो तसाच राहिला. रुची, रोचक हे शब्द याच कुळातले. रुक्म म्हणजे झळाळणारे सोने, आणि त्यावरून रुक्मिणी. फारसीतून आलेली रोशनीही त्याच धातूची. म्हणजे पंढरपूरची रखुमाई आणि सिसिलीची लुचीया या व्युत्पत्तीच्या नात्याने चुलत बहिणीच ठरतात.

रोमन लेखक वारो (इ.स.पू. पहिले शतक) याने पहाटे उजाडताना जन्मलेल्याला लूकिउस म्हणत, असे नोंदवले आहे. पुरुषांत हे नाव इतके सर्रास होते, की शिलालेखांत नुसते ‘ल’ एवढे अक्षर कोरले तरी भागे. स्त्रियांचे तसे नव्हते. रोमन मुलीला सहसा कुळाच्याच नावाचे स्त्रीरूप मिळे. यूलिउस कुळातल्या सगळ्या मुली यूलिआ. दोघी असल्या तर थोरली आणि धाकटी. स्वतःचे वेगळे नाव म्हणून लूकिआ जुन्या लेखांत आढळते, पण कमी. बाळाला उजेडात आणणारी प्रसूतीची देवता यूनो लूकिना हिचे नावही रोमन लोक ‘लुक्स’शी जोडत, देवराईसाठी असलेल्या ‘लूकुस’ या शब्दाशी ते जोडणारेही होते.

हे नाव जगभर नेले ते सिसिलीतल्या सिराक्यूज शहराच्या संत लुसियाने. परंपरेनुसार रोमन सम्राट डायोक्लिशनने केलेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळात, इ.स. ३०४ मध्ये, १३ डिसेंबरला तिला मारण्यात आले. तिची जुनी कथा अशी : आजारी आईला घेऊन ती काटानियाला संत अगाथाच्या समाधीवर जाते, आई बरी होते, लुसिया लग्न नाकारून हुंड्याची संपत्ती गरिबांना वाटते, चिडलेला नियोजित वर ती ख्रिस्ती असल्याची चुगली करतो. यातले किती घडले हे ठरवणे अवघड. पण तिची पूजा फार जुनी आहे हे नक्की. सिराक्यूजच्या भूमिगत दफनस्थळात १८९४ साली सापडलेल्या एका ग्रीक शिलालेखात, एउस्किआ नावाची स्त्री ‘माझी स्वामिनी लुसिया’ हिच्या सणाच्या दिवशी वारली, असे कोरलेले आहे. हा लेख इ.स. ४०० च्या आसपासचा.

जुन्या कथेत डोळ्यांचा उल्लेखही नाही. तबकात स्वतःचे डोळे घेऊन उभी असलेली लुसिया उत्तर मध्ययुगात चित्रांतून दिसू लागली आणि ती दृष्टीची रक्षक झाली. नावात उजेड, म्हणून डोळे : इथे कथेने नाव दिलेले नाही, नावानेच कथा घडवली आहे, असे म्हणावेसे वाटते. तिच्या तिथीनेही यात भर घातली. जुलियन पंचांग हळूहळू मागे पडत गेल्याने चौदाव्या शतकाच्या सुमारास वर्षातली सर्वांत मोठी रात्र १३ डिसेंबरच्या आसपास येई. पंचांग सुधारल्यावर रात्र सरकली, समजूत राहिली. हंगेरीत तर लुत्साचा दिवस चेटकिणींचा मानला जाई.

स्वीडनमध्ये या दिवशी पहाटे पांढरा झगा, कमरेला लाल पट्टा आणि डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घातलेली मुलगी केशरी पाव घेऊन येते. १७६४ सालची एका जमीनदाराच्या वाड्यातली नोंद ही या प्रथेची जुनी नोंद समजतात. देशभर पसरली ती १९२७ मध्ये स्टॉकहोमच्या एका वृत्तपत्राने स्पर्धा घेतल्यानंतर. गंमत म्हणजे तेव्हा गायली जाणारी चाल नेपल्सच्या नावाड्यांच्या गाण्याची. सिसिलीत त्या दिवशी ‘कुचीया’ म्हणजे शिजवलेले अख्खे गहू खातात. १६४६ च्या दुष्काळात ऐन सणाच्या दिवशी धान्याचे जहाज आले आणि लोकांनी दळण्याइतकाही धीर न धरता गहू उकडून खाल्ले, असे सांगतात. आपल्याकडच्या घुगऱ्यांचीच ही सिसिलियन जात. उत्तर इटलीतल्या व्हेरोना, बेर्गामो भागात मुलांना खेळणी आणून देते तीही लुचीयाच, गाढवावर बसून. व्हेनिसमधले तिचे चर्च १८६१ मध्ये रेल्वेसाठी पाडले. स्थानकाला तिचे नाव राहिले. कॅरिबियनमधला सेंट लुसिया हा देश (स्वातंत्र्य १९७९) तिच्याच नावाचा.

गोव्यात हे नाव पोर्तुगीज वळणाने आले. १९१७ मध्ये पोर्तुगालातल्या फातिमा येथे मेरीमातेचे दर्शन झाल्याचे सांगणाऱ्या तीन मुलांत थोरली लुसिया (१९०७–२००५) होती. फातिमेची भक्ती गोवा-वसईच्या ख्रिस्ती घरांत रुजलेली असल्याने तिथे हे नाव परके वाटत नाही.

एकविसाव्या शतकात या नावाची खरी चलती स्पेनमध्ये आहे : नवजात मुलींच्या नावांत ते अनेक वर्षे पहिले आले. शतकानुशतके मारियाच्या मागे असलेल्या देशात ही छोटी गोष्ट नाही. क्रोएशियात लुत्सिया, चेक प्रजासत्ताकात लुत्सिये ही रूपे चालतात. इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या अखेरीस लुसी पुन्हा वरच्या नावांत आली.

सर्वांत वयस्क लुसी मात्र इथिओपियाची. हादार येथे १९७४ मध्ये सापडलेल्या सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीच्या सांगाड्याला संशोधकांनी छावणीत वाजत असलेल्या बीटल्सच्या गाण्यावरून हे नाव दिले. इथिओपियात तिला ‘दिंकिनेश’ म्हणतात. अम्हारिक भाषेत त्याचा अर्थ ‘तू अद्भुत आहेस’.