ही चाल वाजवतंय तरी कोण?

रशियन संगीतकार चायकॉव्हस्कीची सहावी सिम्फनी (ऑर्केस्ट्रासाठीची अनेक भागांची मोठी रचना), 'पाथेटिक'. तिसरा भाग म्हणजे दणदणीत मार्च, तो संपला की लोक हमखास टाळ्या वाजवून मोकळे होतात, त्यांना वाटतं झालं. आणि मग सुरू होतो खरा शेवटचा भाग, अडाजिओ लामेंतोसो, संथ, रडवेला, शेवटी चेलो नि डबल बास ही खर्जातली तंतुवाद्यं विझत विझत जातात आणि नक्की कधी थांबले ते कळतही नाही.

पण गंमत आहे ती त्याच्या पहिल्या काही सेकंदांत. व्हायोलिनवर एक चाल पायरी पायरीने खाली उतरते, एकदा ऐकून गुणगुणता येईल इतकी साधी. आता स्कोअरमध्ये, म्हणजे लिहिलेल्या स्वरलिपीत शोधा, सापडत नाही! व्हायोलिनवाल्यांचे दोन गट असतात, फर्स्ट आणि सेकंड, आणि पठ्ठ्याने चालीतला एक सूर ह्यांना, पुढचा त्यांना असं वाटून टाकलंय, ज्याच्याकडे चाल नाही तो साथीचा खालचा सूर धरतो. कुठल्याही एका गटाचं वेगळं ऐकलं तर नुसत्या वर-खाली उड्या. चाल जुळते ती आपल्या डोक्यात.

असाच प्रकार मानसशास्त्रज्ञ डायना डॉइच यांनी १९७०च्या दशकात हेडफोन लावून दाखवला. एक चढती सप्तक, एक उतरती, दोन्ही एकदम, फक्त सूर आळीपाळीने ह्या कानात-त्या कानात. म्हणजे प्रत्येक कानात उड्याच पडतात, पण बहुतेकांना ऐकू येतं काय तर एका कानात वरच्या सुरांची सलग ओळ आणि दुसऱ्यात खालच्यांची. मेंदू सूर चक्क ह्या कानातून उचलून त्या कानात ठेवतो!

का? आवाज कुठून आला हे मेंदू बरंचसं तो दोन कानांत पोचण्याच्या वेळेतल्या फरकावरून ठरवतो, तो फरक मिलिसेकंदापेक्षाही कमी, त्यात भिंतींवरून आपटून येणारे आवाज, सगळा गोंधळ. त्यापेक्षा जवळजवळचे सूर एकाच ठिकाणाहून आले असणार हा अंदाज सहसा बरोबर निघतो, म्हणून मेंदू त्यावरच विसंबतो.

चायकॉव्हस्कीच्या काळी व्हायोलिनचे हे दोन गट स्टेजच्या डाव्या-उजव्या टोकांना बसायचे, आता बरेचदा शेजारी शेजारी बसवतात, त्यामुळे ही फोडाफोडी रेकॉर्डिंगमध्येही पटकन लक्षात येत नाही. अजून एक, तीच चाल पुढे परत येते तेव्हा ती अख्खी फर्स्ट व्हायोलिनकडेच आहे. मग आधी का तोडली? २८ ऑक्टोबर १८९३ला सेंट पीटर्सबर्गमध्ये त्याने स्वतः ही सिम्फनी पहिल्यांदा कंडक्ट केली आणि ६ नोव्हेंबरला तो गेला, आता विचारणार कोणाला?