मुखपृष्ठ एकच, पुस्तकं दोन जातींची: मालिकेआधीची कादंबरी आणि मालिकेनंतरची

टीव्हीवरच्या एखाद्या व्हॅम्पायर, म्हणजे रक्त पिणाऱ्या भुतांच्या, मालिकेचा शेवटचा भाग संपला की ती माणसं अजून थोडी आपल्याजवळ राहावीत असं वाटतं आणि पावलं पुस्तकांकडे वळतात. कोल्हापुरात जुन्या इंग्रजी पुस्तकांच्या ढिगात ही पुस्तकं अधूनमधून सापडतात. मुखपृष्ठावर मालिकेतलेच चेहरे, वर मालिकेचंच नाव. विक्रेत्याला फरक विचारला तर उत्तर मिळतं, "दोन्ही सेमच हाईत मॅडम, कुठलंबी घ्या." ती सेम अजिबात नसतात. एका प्रकारच्या कादंबरीवरून मालिका निघालेली असते. दुसरी मालिकेवरून लिहिलेली असते. तिला टाय-इन म्हणतात.

आपला गोंधळ होतो याचं कारण मला सवयीत दिसतं. कागलच्या आनंद यादवांची 'नटरंग' आधी आली आणि तिच्यावरचा चित्रपट 2010 मध्ये. पुस्तक आधी, पडदा नंतर, हा क्रम आपल्या अंगवळणी पडलाय. एखादी मालिका गाजली म्हणून तिच्या पात्रांवर पगारी लेखकांकडून पन्नासेक कादंबऱ्या लिहून घ्यायच्या, हा धंदा मराठीत रुजलाच नाही. त्यामुळे हातात आलेलं पुस्तक आपण मूळच समजतो.

मूळ कादंबरीचं ठळक उदाहरण म्हणजे 'ट्रू ब्लड'. ही मालिका 2008 ते 2014 चालली. तिच्या आधी, 2001 मध्ये, शार्लेन हॅरिस यांनी नायिका सूकी स्टॅकहाउसची पहिली कादंबरी लिहिली होती आणि 2013 पर्यंत एकूण तेरा झाल्या. सगळी गोष्ट सूकी स्वतः सांगते, म्हणजे ती जिथे नाही तिथे वाचकही नाही. मालिकेला मात्र दर भागात दहाबारा माणसं खेळवायची होती, म्हणून बाकीच्यांना स्वतंत्र कथानकं मिळाली. मालिकेतली जेसिका पुस्तकांत सापडतच नाही. आणि मालिकेतल्या लफायेत या पात्रावर जीव असेल तर मन घट्ट करा: दुसऱ्या कादंबरीच्या सुरुवातीलाच त्याचं प्रेत सापडतं. मालिकेने त्याला शेवटपर्यंत जिवंत ठेवलं. मूळ कादंबरीत लेखिका कुणालाही मारू शकते, कारण पात्रं तिची असतात.

टाय-इनच्या लेखकाला ती मुभा नसते. पात्रं स्टुडिओच्या मालकीची, हस्तलिखित त्यांच्या मंजुरीला जाणार, आणि पुढच्या सीझनमध्ये काय घडणार हे लेखकाला बहुधा ठाऊक नसतं. भाड्याच्या घरात राहण्यासारखं आहे ते: सामान हवं तसं मांडा, भिंत पाडायची नाही. पुस्तक संपताना प्रत्येक पात्र जिथून उचललं तिथे परत ठेवावं लागतं.

म्हणून ही पुस्तकं दुय्यम, असं बरेच वाचक धरून चालतात. मला ते पटत नाही. 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर' 1997 ते 2003 या काळात सात सीझन आणि 144 भाग चालली, आणि तिच्या कादंबऱ्या पहिल्याच वर्षी सुरू झाल्या. त्यांतल्या काही नुसती रूपांतरं आहेत, म्हणजे पडद्यावर झालेले भागच गद्यात उतरवलेले. ती मी सोडून देते. पण नव्या कथानकांच्या कादंबऱ्यांत क्रिस्तोफर गोल्डन यांची 2001 मधली चार भागांची 'द लॉस्ट स्लेयर' वाचाच. व्हॅम्पायरांना मारणारी नायिका बफी पाच वर्षं पुढच्या जगात जाऊन पडते. तिथे व्हॅम्पायरांचं राज्य आहे, आणि त्यांचा राजा आहे तिचा गुरू जाइल्स! एवढं उद्ध्वस्त जग टीव्हीच्या खर्चात उभं करणं अवघडच होतं. शेवटी सगळं पूर्ववत करायची अट गोल्डनही पाळतात. तरी ते जग पुसायच्या आधी आपल्याला त्यात मनसोक्त फिरवतात, आणि बफीच्या मनात इतका वेळ राहायला मालिकेत क्वचितच मिळतं.

खरा गुंता 'द व्हॅम्पायर डायरीज'चा आहे, कारण तिथे दोन्ही जाती एकाच फळीवर बसतात. एल. जे. स्मिथ यांची पहिली पुस्तकं 1991 ची, मालिका 2009 ची. पुस्तकातली नायिका एलेना सोनेरी केसांची, तिला मार्गारेट नावाची धाकटी बहीण. मालिकेत केस काळसर झाले आणि बहिणीच्या जागी भाऊ जेरेमी आला. पुस्तकातले व्हॅम्पायर भाऊ स्टीफन आणि डेमन पंधराव्या शतकातल्या इटलीचे, मालिकेतले 1864 च्या व्हर्जिनियातले. मग 2010 पासून 'स्टीफन्स डायरीज' ही पुस्तकं निघाली. मुखपृष्ठावर स्मिथ यांचंच नाव, पण आतला स्टीफन व्हर्जिनियाचा, म्हणजे ही टाय-इन. इटलीचा स्टीफन शोधत ती उघडली तर वाटच चुकते.

स्मिथ यांच्या वाट्याला आलेलं मात्र मला फार लागतं. त्यांनी मूळ पुस्तकंच एका कंपनीसाठी कंत्राटावर लिहिली होती, त्यामुळे हक्क त्यांच्याकडे नव्हते. पुढे ही पुस्तकमालिका त्यांच्याकडून काढून घेण्यात आली आणि 2011 पासूनची पुस्तकं दुसऱ्यांनी लिहिली. अखेर 2014 मध्ये त्यांनी आपल्याच पात्रांची पुढची गोष्ट अॅमेझॉनच्या परवानाधारक फॅन फिक्शन (चाहत्यांनी लिहिलेल्या गोष्टींच्या) योजनेत प्रसिद्ध केली. मूळ आणि टाय-इन यांतली रेघ कागदावर कशी ओढली जाते, हे यात उघडं दिसतं.

ओळखायचं तर मुखपृष्ठ विसरा आणि पान उलटून कॉपीराइटची ओळ वाचा. तिथे स्टुडिओचं नाव आणि 'मालिकेवर आधारित' असं असेल तर टाय-इन. लेखकाचं नाव असेल आणि पहिल्या आवृत्तीचं साल मालिकेच्या आधीचं असेल तर मूळ. स्मिथ यांच्यासारखी कंत्राटी पुस्तकं अपवाद, तिथे सालावरच भिस्त ठेवायची. मूळ कादंबरी पहिल्या भागापासूनच घ्या, मधूनच उचललेली निरर्थक वाटेल. टाय-इनला क्रमांकाची फिकीर नको, पण गोष्ट कोणत्या सीझनमध्ये घडते ते बघा. 'द लॉस्ट स्लेयर' निघाली 2001 मध्ये, पण ती चौथ्या सीझनमधली बफी आहे, कॉलेजात नुकतीच गेलेली. तो सीझन बघून झाल्यावर ती हातात घ्या.