80 टक्क्यांचा गैरसमज

फोंड्याच्या फार्मसीत परवा एक आजी नवी गोळी परत करायला आल्या होत्या. मधुमेहाची मेटफॉर्मिनच, पण डॉक्टरांनी स्वस्तातली जेनेरिक लिहून दिलेली, म्हणजे मूळ कंपनीचं पेटंट संपल्यावर इतरांनी बनवलेलं तेच औषध. "बाबा, हिच्यात औषध कमी असणार," त्या म्हणाल्या.

शिकलेले लोकही हेच म्हणतात आणि वर आकडा सांगतात: जेनेरिकला 80 ते 125 टक्क्यांची मुभा असते, म्हणजे औषध वीस टक्के कमी! या आकड्याचा गोळीतल्या औषधाच्या वजनाशी काही संबंध नाही.

तो आकडा येतो जेनेरिक मूळ गोळीसारखीच रक्तात पोचते का, हे बघणाऱ्या चाचणीतून. ती अशी होते. निरोगी स्वयंसेवकांना मूळ आणि जेनेरिक यांतली आधी एक गोळी देतात, ती शरीरातून पूर्ण निघून गेली की दुसरी. दर वेळी ठरावीक अंतराने रक्त घेऊन औषधाच्या पातळीचा आलेख काढतात. आलेखाचं शिखर ही कमाल पातळी, त्याखालचं क्षेत्रफळ म्हणजे एकूण किती औषध रक्तात पोचलं. मग दोन्ही गोळ्यांच्या मापांचं गुणोत्तर काढतात. माणसागणिक फरक पडतोच, म्हणून सरासरीभोवती 90 टक्के विश्वासाचा पट्टा, म्हणजे खरं गुणोत्तर कुठून कुठपर्यंत असू शकेल याचा अंदाज, आखतात आणि तो अख्खा पट्टा 80 ते 125 टक्क्यांच्या आत बसावा लागतो. सरासरीच 80 असेल तर अर्धा पट्टा बाहेर, गोळी नापास. (125 का? हिशोब गुणोत्तराचा असतो, म्हणून वरची सीमा 1 भागिले 0.8 म्हणजे 1.25.) अमेरिकेच्या औषध नियामकाने 1996 ते 2007 मधल्या 2,070 अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा क्षेत्रफळातला सरासरी फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला. मधुमेह मुळासकट घालवणाऱ्या व्हॉट्सअ‍ॅपी काढ्यांची अशी एकतरी परीक्षा झाली आहे का?

भारतात पाण्यात नीट न विरघळणाऱ्या औषधांच्या जेनेरिकना ही चाचणी 2017 मध्ये सक्तीची झाली. त्याआधी डॉक्टर साशंक होते ते उगाच नव्हे. थायरॉइडच्या, फिटच्या गोळीची कंपनी वारंवार बदलू नये हेही खरं. मेटफॉर्मिन मात्र पाण्यात सहज विरघळतं, म्हणून ती शंका त्याला तितकी लागू नाही, आणि त्याचं पेटंट केव्हाच संपलंय. आजींची महागडी गोळीही नाव लावलेलं जेनेरिकच होती. आपल्या गोव्यातल्या वेर्ण्याच्या कारखान्यांतून अशाच गोळ्या परदेशी जातात.

म्हणून आयुष्यभराची गोळी लिहिताना फॅमिली डॉक्टरने किंमत विचारात घेतलीच पाहिजे. मी आजींना विचारलं, "आधीची रोज घेत होता ना?"

"एक दिवस आड. महाग पडायची."

साध्या मेटफॉर्मिनची रक्तातली पातळी सुमारे सहा तासांत निम्मी होते. चोवीस तासांनी उरतो सोळावा हिस्सा, आणि आजींचा पुढचा अख्खा दिवस त्याहूनही कमी औषधावर जायचा.