स्वस्तात मिळणारी स्पोर्ट्स कार : नागपूरच्या बाजारामागची गोष्ट

वर्धा रोडवरच्या जुन्या गाड्यांच्या डीलरकडे हल्ली एक दृश्य नेहमी दिसतं. रांगेत क्रेटा, इनोव्हा, फॉर्च्युनर उभ्या असतात आणि टोकाला कव्हर घातलेली एखादी दोन दारांची, जमिनीला टेकलेली गाडी. कव्हर सरकवलं की पोरं मोबाईल काढतात. किंमत विचारली की आकडा येतो नव्या मध्यम एसयूव्हीच्या आसपासचा. हीच गाडी दहा-बारा वर्षांपूर्वी शोरूममधून साठ-सत्तर लाखांना निघाली होती. मग प्रश्न दोनच उरतात. एवढी स्वस्त कशी? आणि घेतली तर चालेल का?

दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. गाडीची किंमत उतरते, तिचा खर्च उतरत नाही. वीस लाखांना घेतलेल्या गाडीचा क्लच सत्तर लाखांच्या गाडीचाच असतो. बाजाराला हे ठाऊक असतं म्हणून भाव पडतो. भाव पडला की गाडी अशा माणसाच्या हातात जाते ज्याला तो खर्च झेपत नाही. मग सर्व्हिसिंग लांबतं, गाडी बिघडते, त्या मॉडेलचं नाव खराब होतं आणि भाव आणखी पडतो. हे चक्र कसं सुरू झालं हे कळायला पंचवीस वर्षं मागे जावं लागतं.

१ एप्रिल २००१ पासून गाड्यांच्या आयातीवरचे संख्येचे निर्बंध उठले, पण आयात शुल्क भरमसाट राहिलं. ते किती भरमसाट, हे देशाला एका फेरारीमुळे समजलं. सचिन तेंडुलकरने २००२ मध्ये ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली आणि फियाटकडून त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. तिच्यावरचं शुल्क होतं सुमारे १ कोटी १३ लाख रुपये. सरकारने ते माफ केलं, त्यावरून वाद पेटला आणि शेवटी रक्कम फियाटने भरली. २०११ मध्ये ती गाडी सुरतच्या एका उद्योजकाकडे गेली. फुकट मिळालेल्या गाडीवरही कोटीभर कर बसतो, हा धडा तेव्हा घरोघरी पोहोचला.

त्यानंतरच्या दशकात कंपन्या एकामागून एक आल्या. पोर्शे २००४ मध्ये, बीएमडब्ल्यूचा चेन्नईचा कारखाना २००७ मध्ये, ऑडी त्याच सुमारास, फेरारी अधिकृतपणे २०११ मध्ये. जग्वारची एफ-टाइप २०१३ मध्ये आली आणि फोर्डची मस्टँग २०१६ मध्ये, ६५ लाखांना. सेडान आणि एसयूव्ही पुण्या-चेन्नई-औरंगाबादला जोडल्या जायच्या, पण या दोन दारांच्या गाड्या जवळपास सगळ्या परदेशातून पूर्ण बांधून यायच्या. कारण खप थोडा. त्यामुळे पूर्ण शुल्क त्यांच्यावर बसायचं.

सप्टेंबर २०२५ आधीच्या करांचा ढोबळ हिशोब करून बघा. बंदरात ३० लाखांना उतरलेली गाडी १०० टक्के शुल्क लागताच ६० लाखांची होते. त्यावर जीएसटी आणि सेस मिळून ४८ टक्के धरले की ती ९० लाखांच्या घरात जाते. डीलरचा नफा, रोड टॅक्स आणि विमा मिळवला की कोटीपार. या कोटीतला निम्म्याहून जास्त पैसा गाडीचा नाहीच, कराचा आहे. तो पहिला मालक भरतो आणि दुसरा मालक त्याला त्यातलं फारसं काही परत देत नाही. पहिल्या तीन-चार वर्षांत भाव दाणकन आपटतो याचं सगळ्यात मोठं कारण मला हेच वाटतं. यंत्राचा दोष इथवर कुठेच आलेला नाही.

घसरण कागदावरही ठरलेली असते. विम्यात गाडीची जी किंमत धरतात, तिला एक ठरावीक घसारा आहे. एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, दोन ते तीनला ३०, तीन ते चारला ४० आणि चार ते पाचला ५०. पाच वर्षांनंतर आकडा विमा कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. धंदेवाल्या मालकाला आयकरातही दर वर्षी गाडीवर १५ टक्के घसारा दाखवता येतो. म्हणून रामदासपेठ, सिव्हिल लाइन्समधले बरेच मालक गाडी चार-पाच वर्षांत काढतात, आणि बऱ्याचदा सगळ्या एकाच सुमारास बाजारात येतात.

मधे एकदा उलटंही घडलं. २०२१-२२ मध्ये चिपचा तुटवडा झाला, नव्या गाड्यांना महिनोन्महिने वेटिंग लागलं आणि जुन्यांचे भाव वर चढले. त्या काळात ज्यांनी घेतल्या ते आज सर्वात जास्त हळहळतात. कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा सेस गेला, ४० टक्के सरसकट जीएसटी आला आणि नव्या महागड्या गाड्या काही लाखांनी स्वस्त झाल्या. नवी उतरली की जुनीला उतरावंच लागतं. त्याआधी, २४ जुलै २०२५ रोजी, ब्रिटनशी व्यापार करार झाला. त्यात तिथून येणाऱ्या ठरावीक संख्येच्या गाड्यांवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर आणायचं ठरलं आहे. उद्या नवी स्वस्त होणार असेल, तर आज जुनीला जास्त पैसे कोण मोजेल?

आता भरवशाचा प्रश्न. इथे थोडं थांबावं लागेल, कारण याच बाबतीत सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

आज नागपुरात ज्या वयाच्या स्पोर्ट्स कार स्वस्तात मिळतात, त्यातल्या बऱ्याच साधारण २००५ ते २०१४ मधल्या. तो काळ इंजिनांसाठी कठीण होता. प्रदूषणाचे नियम कडक होत होते, टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शन आलं होतं, धातूच्या जागी प्लास्टिक येत होतं आणि ऑइल बदलायचं अंतर वाढवलं जात होतं. काही इंजिनांचे दोष तर आता जगभर तोंडपाठ आहेत. पोर्शेच्या २००८ पर्यंतच्या बॉक्स्टर आणि ९११ मध्ये इंजिनाच्या आत फिरणाऱ्या इंटरमीडिएट शाफ्ट नावाच्या दांड्याचं एक छोटं बेअरिंग आहे. ते निकामी झालं तर आख्खं इंजिन जातं. अमेरिकेत ग्राहकांनी एकत्र येऊन दावा लावला आणि २००१ ते २००५ च्या गाड्यांपुरती २०१३ मध्ये तडजोड झाली. नंतरच्या गाड्यांत बेअरिंग मोठं आणि जास्त टिकणारं दिलं, मात्र ते बदलायला इंजिन फाडावं लागतं. २००९ च्या नव्या इंजिनातून तो शाफ्टच काढून टाकला. ९११ च्याच टर्बो आणि जीटी-३ या प्रकारांची त्या काळातली इंजिनं वेगळ्या घडणीची, त्यांना हा त्रास नव्हताच. पण बाजार असा बारकाईने बघत नाही. नाव एकदा खराब झालं की सगळ्यांचेच भाव पडतात.

बीएमडब्ल्यूच्या झेड-४ मधल्या ट्विन-टर्बो इंजिनाचा हाय-प्रेशर फ्युएल पंप असाच बदनाम झाला. ऑक्टोबर २०१० मध्ये अमेरिकेत ते इंजिन असलेल्या गाड्या कंपनीने परत बोलावल्या. दहा सिलिंडरच्या एम-५ चे कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग वेळेआधी झिजतात. ऑडीच्या २.० टीएफएसआय या टर्बो पेट्रोल इंजिनांत, काही वर्षांच्या, पिस्टनच्या रिंगा ऑइल सोडतात. फोक्सवॅगन गटाचा सात गिअरचा ड्राय-क्लच डीएसजी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तर पोलो जीटीतून मध्यमवर्गाच्या दारापर्यंत पोहोचला. चीनमध्ये २०१३ साली त्यासाठी सुमारे ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलावल्या होत्या. रहदारीत रांगत चालणं आणि उन्हाळा हे दोन्ही त्या क्लचला सोसत नाही, आणि नागपुरात मे महिन्यात दोन्ही एकत्र भेटतात.

हे दोष असलेली प्रत्येक गाडी बिघडतेच असं नाही. बिघडली की खर्च काही हजारांत थांबत नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून तपासणीची पद्धत महत्त्वाची.

हिंगणा रोडवरच्या एका गॅरेजमध्ये ती मी जवळून पाहिली. मिस्त्रीने इंजिन सुरू करून बघण्याआधी ऑइल फिल्टर काढला. आतल्या कागदाच्या घड्या ब्लेडने कापून जुन्या पांढऱ्या बनियनवर पसरल्या आणि त्या उन्हात तिरक्या धरल्या. काळ्या ऑइलमध्ये बारीक पिवळसर चमक होती, चमकीच्या मेंदीत असते तशी. मग त्याने स्पीकरमधलं चुंबक त्यावरून फिरवलं, काही चिकटलं नाही. "पिवळं आहे अन् चुंबक धरत नाही, म्हणजे बेअरिंग चाललं, भाऊ," तो म्हणाला. "टोकन दिलं असन तर परत मागा." गाडी चकचकीत होती, ओडोमीटरवर ४१ हजार किलोमीटर होते आणि आवाज सुरेख होता. सौदा तिथेच थांबला.

नागपूरचे स्वतःचेही काही प्रश्न आहेत. पहिला उन्हाचा. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. थंड देशांत जन्मलेल्या गाडीतलं रबर, प्लास्टिकचे कूलंट पाइप, फोल्डिंग छताच्या पट्ट्या या उन्हात भाजून ठिसूळ होतात, आणि गाडी जितकी उभी तितकं ते लवकर होतं.

दुसरा पाण्याचा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं. तळघरातल्या आणि रस्त्याकडेच्या शेकडो गाड्या बुडाल्या. जमिनीलगतच्या गाडीत पाणी आधी शिरतं, आणि पाणी ओढून बंद पडलेलं इंजिन वेगळं कव्हर नसेल तर साध्या विम्यात बसत नाही. अशा गाड्या धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येतात. त्या ओळखायची एक साधी खूण आहे. सीटबेल्ट शेवटच्या टोकापर्यंत ओढून काढायचा. गाळाची रेघ तिथे राहते, कारण तेवढं धुवायचं कुणाला सुचत नाही.

तिसरा प्रश्न इंधनाचा. इथेनॉलशी या शहराचं नातं जुनं आहे. इथेनॉलवर धावणारी हिरवी बस २०१४ मध्ये नागपुरातच आणली होती. आता पंपावरचं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे, आणि त्यासाठी घडवलेल्या गाड्या एप्रिल २०२३ पासूनच्या. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या घडणीच्या चारचाकींचं मायलेज ६ ते ७ टक्के घटेल असं म्हटलं होतं. गॅरेजमध्ये आजकाल प्रत्येक बिघाडाचं खापर इथेनॉलवर फुटतं, ते मला पटत नाही. पण इथेनॉल ओल धरतं, त्यामुळे महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीची आणि पाइपांची काळजी खरी आहे.

दिल्लीचा भागही यात आहे. राष्ट्रीय हरित लवादाने आधी १५ वर्षांवरच्या गाड्यांना आणि २०१५ मध्ये १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना दिल्लीत मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो आदेश उचलून धरला. तेव्हापासून दिल्ली पासिंगच्या महागड्या गाड्या स्वस्तात बाहेर पडू लागल्या, आणि नागपूर तर दिल्लीहून दक्षिणेला जाणाऱ्या महामार्गावरच.

माझ्या मामेभावाने २०१९ मध्ये तशीच एक दोन-सीटर घेतली, मिटणाऱ्या छताची. एनओसी आणि एमएच-४९ नंबर मिळायला पाच महिने लागले, रोड टॅक्स पुन्हा भरावा लागला. जूनमध्ये पहिल्याच सरीला, लॉ कॉलेज चौकात, छत अर्धं उघडं राहून अडकलं. धरमपेठच्या दुकानदारांनी ताडपत्री दिली आणि दोघांनी ती धरून गाडी कडेला ढकलली. पाणी डिकीत गेलं, तिथल्या मोड्यूलमध्ये गेलं. छताचा एक हायड्रॉलिक सिलिंडर यायला सात आठवडे लागले. तोवर तो रोज संध्याकाळी खाली जाऊन गाडी पुसायचा. ती गाडी त्याला मनापासून आवडत होती, हे मी पाहिलं आहे.

पार्ट मिळणं हा आता सगळ्यात मोठा प्रश्न झाला आहे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-सिक्स हे प्रदूषणाचे कडक नियम आले आणि थोड्या खपाची मॉडेलं कंपन्यांनी गुंडाळली. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. ऑडी टीटी २०२३ मध्ये आणि एफ-टाइप २०२४ मध्ये जगातच बंद झाली. शिवाय गाडी १५ वर्षांची झाली की पुनर्नोंदणी आली. एप्रिल २०२२ पासून साध्या कारला त्याची फी ५ हजार आणि आयात गाडीला ४० हजार झाली. फेरारी-लॅम्बोर्गिनीची दालनं देशात मोजक्या शहरांत आहेत, त्यामुळे नागपूरच्या मालकाला फ्लॅटबेड ट्रक मागवावा लागतो. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी शेवटपर्यंत खुला झाल्याने मुंबईकडची ७०१ किलोमीटरची वाट तरी सोपी झाली.

या सगळ्याचा परिणाम बाजारात उघड दिसतो. एकाच वर्षाच्या, एकाच रंगाच्या दोन गाड्यांत आता काही लाखांचा फरक पडतो, तो बिलांच्या फाइलमुळे. मामेभावाने गेल्या दिवाळीत गाडी विकली. अमरावतीहून आलेल्या माणसाने चावी मागितली नाही. आधी फाइल मागितली, सिलिंडरचं बिल शोधलं, ऑइल कधी बदललं त्या तारखा डायरीत उतरवल्या आणि मग पिशवीतून चुंबक काढलं.