फुकटचं प्यादं

माझा भाचा नववीत आहे, नागपूरच्या सक्करदऱ्यात राहतो. मोबाईलवर तीन-तीन मिनिटांचे बुद्धिबळाचे डाव खेळतो आणि पांढरी मोहरी आली की पहिली चाल ठरलेली: जी४. म्हणजे राजाच्या घोड्यासमोरचं प्यादं थेट दोन घरं पुढे. (पटाच्या उभ्या रांगा ए ते एच, आडव्या पांढऱ्याच्या बाजूनं १ ते ८; घराचं नाव त्यावरून.) कुठल्याही क्लासमध्ये ही चाल खेळलात तर सर वहीत लाल शेरा मारतील. पुढे ज्याच्या आड राजाला लपायचं, ती भिंत आपणच पहिल्या चालीत फोडतो. तरी पोरगा जिंकतो. आमच्या ताईचं म्हणणं, "त्याचं डोकंच वेगळं आहे." नागपूरच्याच दिव्या देशमुखनं जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीत कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि ती देशाची ८८वी ग्रँडमास्टर झाली. तेव्हापासून नागपुरात हे 'वेगळं डोकं' घरोघरी सापडू लागलंय.

डोकं वेगळं नाही. समोरच्याच्या डोक्याचं काय होतं, ते बघायला हवं.

एका रविवारी तर्री-पोहे झाल्यावर मी घरीच एक प्रयोग केला. जुन्या एका डावातली पंचवीस मोहऱ्यांची स्थिती पटावर मांडली, वर टॉवेल टाकला, पाच सेकंद काढला, पुन्हा टाकला. मग दुसऱ्या रिकाम्या पटावर आठवेल तसं मांडायचं. भाच्याची सतरा मोहरी बरोबर आली, माझी सात आणि कधीच न खेळलेल्या आईची चार. दुसऱ्या फेरीत तीच पंचवीस मोहरी मी डोळे मिटून वाट्टेल तिथं ठेवली. आता भाच्याची पाच, माझी चार, आईची चार. आणि टॉवेल उचलल्या उचलल्या भाचा वैतागलाच, "मामा, काय मांडून ठेवलं हे? दोन्ही उंट पांढऱ्याच घरावर! अन् प्यादं पहिल्या ओळीत कसं काय?" पाच सेकंदांपैकी निम्मे त्याचे या संतापात गेले.

हा प्रयोग माझा नाही. आड्रियान दे ग्रोट या डच मानसशास्त्रज्ञानं तो १९४०च्या दशकात सुरू केला. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी त्यात विस्कटलेल्या पटाची जोड देऊन तो गाजवला. (सायमन यांना पुढे १९७८ मध्ये नोबेल मिळालं, तेही अर्थशास्त्राचं!) त्यांच्या मास्टर खेळाडूला खऱ्या डावातली सोळाच्या आसपास मोहरी आठवली, नवख्याला चार. पट विस्कटला की मास्टरही नवख्याच्या पंगतीला. नंतरच्या संशोधनात तिथंही मास्टर किंचित पुढे दिसला, पण अगदी किंचित.

म्हणजे मास्टरची स्मरणशक्ती 'फोटोग्राफिक' नसते. तो मोहरी सुटी पाहतच नाही, जुड्या पाहतो. बाजारात आपण मेथीच्या काड्या मोजत नाही, 'दोन जुड्या द्या' म्हणतो, तसं. कॅसलिंग केलेला (म्हणजे एकाच चालीत हत्तीसह कडेला सुरक्षित नेलेला) राजा, शेजारचा हत्ती, पुढची तीन प्यादी आणि घोडा ही सहा मोहरी आहेत, पण त्याच्या लेखी एकच जुडी. 'सक्करदरा' तुम्ही एका नजरेत वाचता, 'रादसरक्क' वाचताना अडखळता. अक्षरं तीच आहेत. मास्टरच्या डोक्यात अशा सुमारे ५०,००० जुड्या असाव्यात, असा अंदाज सायमन यांनी मांडला होता. आणि जुडीला चाल चिकटलेली असते: हे दिसलं की हे खेळ. तीन मिनिटांच्या डावात विचार करायला वेळ कुठला, खेळतात त्या जुड्याच.

आता जी४ घ्या. स्विस खेळाडू हेन्री ग्रोब यांनी ही चाल पत्रानं खेळायच्या डावांत आयुष्यभर चालवली, म्हणून तिला ग्रोब म्हणतात. काळा सवयीनं डी५ खेळतो. पांढरा उंट जी२वर आणतो, म्हणजे जी४चं प्यादं उघडं पडलं. काळ्याच्या डोक्यात जुनी जुडी पेटते: फुकटचं प्यादं, उचल! त्याचा उंट सी८वरून उडून जी४वर. पण तोच उंट मघापर्यंत बी७ची राखण करत होता. पांढरा सी४ खेळून आणखी एक प्यादं पुढं करतो. काळ्याच्या डी५च्या प्याद्यानं ते खाल्लं की जी२वरच्या उंटाचा लांब कर्ण मोकळा: उंट बी७वर, आणि कोपऱ्यातल्या हत्तीला पळायला घर नाही. फार तर उंटाच्या बदल्यात हत्ती जातो.

आणि काळ्याला हे दिसत का नाही? २००८ मध्ये बिलालिच, मॅकलाउड आणि गोबे यांनी चांगल्या खेळाडूंसमोर एक स्थिती ठेवली. त्यात पाच चालींची एक पाठातली मात होती आणि तीन चालींची एक कमी ओळखीची. खेळाडूंना पाठातली लगेच सापडली. "आता याहून छोटी शोधतोय," असं ते सांगत होते, पण डोळ्यांच्या हालचाली टिपणारं यंत्र दाखवत होतं की नजर पुन्हापुन्हा जुन्याच मातेच्या घरांवर जातेय. ते खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच वाटत होतं की आपण नवं शोधतोय. मला हा निष्कर्ष गेली कित्येक वर्षं सोडत नाही.

पाठ करून हे भागत नाही का? दोन्ही बाजूंच्या मिळून चालींचे क्रम मोजा: पहिल्या चालीला २०, दुसरीपर्यंत ४००, मग ८,९०२, मग १,९७,२८१, पाचवीपर्यंत ४८,६५,६०९. त्यातल्या मोजक्या वाटांवर पुस्तकं आहेत, बाकी सगळं रान. जी४वाला स्वतः त्या रानातली एक पायवाट रोज तुडवतो, तुम्ही तिथं पहिल्यांदा. कॉम्प्युटरला मात्र यानं फरक पडत नाही. तो सेकंदाला लाखो स्थिती तपासतो आणि जी४ला थंडपणे वाईट चाल ठरवतो.

१९८० मध्ये स्वीडनमधल्या स्कारा इथं इंग्लिश ग्रँडमास्टर टोनी माइल्सनं विश्वविजेत्या कार्पोवच्या ई४ला ए६ असं उत्तर दिलं आणि डाव जिंकला. तो काही तीन मिनिटांचा डाव नव्हता, त्यामुळे सगळं श्रेय घड्याळाला देता येत नाही. पण ए६ दिसते तेवढी वाईटही नाही; पुढे बी५ आणि उंट बी७वर आला की काळा बरा उभा असतो. उलट मार्च २०२१ मध्ये तेव्हाचा विश्वविजेता कार्लसन आणि अमेरिकन ग्रँडमास्टर नाकामुरा यांनी ऑनलाइन डावात दुसऱ्याच चालीला आपापला राजा पुढे काढला आणि सहा चालींत बरोबरी करून मोकळे झाले. ती निव्वळ थट्टा.

ताईला कुणीतरी 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'चं पत्रक दिलंय. डोळ्यांवर पट्टी बांधून पोरं म्हणे वाचतात. ती पट्टी नाकाशेजारी नीट दाबून बसवा, वाचन बंद पडतं. पट न बघता बुद्धिबळ खेळणारे मात्र खरेच असतात, त्यांना पट्टीखालची फट लागत नाही. हजारो डावांतून साठलेल्या जुड्या लागतात. पत्रक मी रद्दीत टाकलं. ताई दोन दिवस बोलली नाही.

काल भाच्याशी पुन्हा बसलो. त्यानं जी४ खेळलं, मी डी५. उंट जी२वर आला. मी प्याद्याला हात लावला नाही, सी६ खेळून डी५ पक्कं केलं आणि हाताची घडी घालून बसलो. "अरे वा, मामा अभ्यास करून राहिले!" म्हणाला. तो डाव मी जिंकला. पुढच्या डावात त्यानं ई४ खेळलं, मी ई५, आणि त्यानं राजाच उचलून ई२वर ठेवला. याची शिक्षा नक्की काय, ते मी शोधत बसलो. शोधता शोधता माझ्या घड्याळात अकरा सेकंद उरले होते.